सत्ताविसाव्या ओळीवरचा धूर

मित्रांनो, आजवर पुष्कळांनी माझ्यासमोर उभे राहून माझे कौतुक केले आहे. 'काय बारीक काम आहे', 'एकही खिडकी सुटलेली नाही' असे म्हणत लोक भिंग लावून मला न्याहाळतात. कौतुक कुणाला नको असते? मलाही ते गोडच लागले. पण आज मी मिरवायला बसलेलो नाही. मी एक जुना छापील देखावा आहे, मिसिसिपी नदीकाठच्या गॅलोवे लँडिंग या गावाचा, सन १८७१ चा. आणि माझ्यामुळे एका बाईचे घर गेले. ते कसे गेले तेवढे सांगतो.

मी फोटो नव्हे. उंच उडणाऱ्या घारीला गाव जसे दिसेल तसा मी आहे. खाली नदी, नदीत वाफेच्या बोटी, काठावर लाकडाची गिरणी, मग चढावर रस्ते, चर्चची टोके, न्यायालयाचा घुमट आणि वर मागे टेकड्या. त्या काळी गावोगावी असे देखावे काढून घ्यायची हौस होती. शेजारच्या गावाने काढून घेतला की आपल्या गावालाही चैन पडत नसे.

मला काढणाऱ्याचे नाव लोरेन्झ टीडमन. हा जर्मन मनुष्य घारीसारखा कधीच उडाला नाही. जूनपासून ऑगस्टपर्यंत तो पायीच फिरला. प्रत्येक गल्लीत उभे राहून घराचे मजले मोजायचा, खिडक्या मोजायचा, छपराचा उतार बघायचा. वही हाताशी नसली की शर्टाच्या कडक बाहीवरच शिसपेन्सिलीने टिपून घ्यायचा. लोक त्याला हसत. पण त्याच्या वहीत आपले घर नीट उतरले ना, हे बघायला दारात येऊन उभेही राहत.

त्याचे कपडे धुवायला नोरा टूमी नावाची बाई होती. खरे नाव होनोरा, पण तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारली असेल असे वाटत नाही. आयर्लंडहून आलेली. तिचा नवरा डॅन उत्तरेच्या जंगलातून लाकडाचे तराफे नदीवाटे खाली आणायचा. त्याच वर्षी वसंतात, नदीला पूर असताना तो तराफ्यावरून पडला आणि सापडला नाही. मागे राहिली नोरा, सहा वर्षांची लेक केट, आणि नदीकाठच्या सपाटीवर, वळणाजवळचे अगदी शेवटचे दोन खोल्यांचे घर.

एकदा धुतलेले कपडे द्यायला ती टीडमनच्या खोलीवर आली आणि तिने शर्टाची बाही त्याच्यासमोर धरली.

"काय हो, तुमच्या बाहीवर अख्खी मेन स्ट्रीट उमटली आहे. मी घासून घासून चर्चपर्यंत पोचले, पुढचं निघेना. पुढच्या खेपेला सांगा, धुऊ की चौकटीत घालून देऊ?"

टीडमन ओशाळला. "धुलाईच्या पैशांचं जरा थांबाल का, बाई? या गावाकडून मला मिळायचे पैसे अजून यायचे आहेत."

"राहू दे. मला त्याचं काही नको. माझं घर काढा म्हणजे झालं."

"घर तर काढणारच. सगळ्यांचीच काढतो."

"नुसतं नाही. धुराड्यातून धूर निघताना काढायचं."

टीडमन विचारात पडला. मित्रांनो, आमच्या देखाव्यांत धूर हा मानाचा असतो. तो गिरणीला, दारूभट्टीला, बोटींना आणि आगगाडीला. धूर जितका काळा तितके गाव भरभराटीचे, असा हिशेब. साध्या घराच्या चुलीला कुणी धूर काढत नसे, नाहीतर सगळे गाव पेटल्यासारखे दिसायचे. त्याने तसे तिला समजावून सांगितले.

"ते मोठ्या लोकांचं तुम्ही बघा," नोरा म्हणाली. "आमचा डॅन वळणावरून यायचा ना, तेव्हा आधी धूर बघायचा. धूर दिसला की ओरडायचा, बटाटे टाक गं. इतक्या लांबून मला ऐकू थोडंच यायचं? पण मी टाकायची. आता धुराशिवाय घर काढलंत तर ते माझं वाटायचं नाही."

दुसऱ्या दिवशी टीडमन सपाटीवर गेला, तिच्या दाराशी तासभर बसला आणि घर काढले. दोन खिडक्या, बाजूला कोंबड्यांचे खुराडे, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि धुराड्यातून वर जाऊन किंचित डावीकडे वळलेला धूर. सगळ्या गावात फक्त एका चुलीचा धूर, आणि तो तिच्या.

ती वही शिकागोला गेली आणि तिथल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. तिथे एक अबोल कारागीर होता. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तो तेलकट काडीने मला काढत होता. दगडावर सगळे उलटे काढावे लागते, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटते. त्यामुळे माझे पहिले काही दिवस मी उलटाच होतो. नदी डावीकडची उजवीकडे, सकाळची सावली संध्याकाळच्या बाजूला. पण नोराचे घर माझ्यावर होते. चार दिवस होते. खुराड्यासकट होते. हे मी शपथेवर सांगतो, पण साक्षीदाराची शपथ मला कधी कुणी दिली नाही.

पाचव्या दिवशी गावाहून पत्र आले. ते पाठवणारा एझरा पेटिबोन. हा गावातला औषधांचा आणि कागद-वह्यांचा दुकानदार. माझ्या प्रतींसाठी गिऱ्हाइके जमवायचे काम त्याच्याकडे होते. माझ्या खालच्या कोपऱ्यात चौकटीत एक यादी होती. एक म्हणजे न्यायालय, दोन म्हणजे शाळा, अशी बावीस ठिकाणे. पेटिबोनने लिहिले होते की आणखी पाच जण प्रती घ्यायला तयार आहेत, पण यादीत नाव आले तरच. तेव्हा पाच ओळी वाढवा, जागा कुठूनही काढा. पाचवे नाव अर्थातच त्याचे स्वतःचे होते.

कारागिराने पत्र वाचले. यादीच्या खाली लगेच दगडाची कड होती, तिकडे सरकायला जागा नव्हती. म्हणून त्याने चौकट वर वाढवली आणि नव्या पाच ओळी जुन्या यादीच्या डोक्यावर चढवल्या, सत्ताविसावी सगळ्यात वर. त्यासाठी धारदार पट्टीने खालचे काम खरवडून काढले. चादरी गेल्या. खुराडे गेले. दोन्ही खिडक्या गेल्या. मग धुराडे गेले. नवीन चौकटीच्या रेघेपाशी त्याचा हात थांबला. रेघेच्या वर नखाएवढा धूर उरला होता. तो खरवडायचे त्याच्या ध्यानात आले नाही, की दुपारच्या जेवणाची घंटा झाली, कोण जाणे. धूर तसाच राहिला.

सप्टेंबरात आम्ही सगळे भाऊ छापून निघालो. ऑक्टोबरात शिकागोला ती मोठी आग लागली आणि त्यात छापखाना, माझा दगड आणि टीडमनच्या वह्या सगळे खाक झाले. तोवर मी गावी पोचून पेटिबोनच्या दुकानात, औषधांच्या फळीच्या वर उंच टांगला गेलो होतो.

पहिल्या दिवशी सगळा गाव लोटला. जो तो स्वतःचे घर शोधत होता. दारूभट्टीवाला हॅसलमन म्हणाला, "माझ्या खिडक्या तीन कमी आहेत. पण धूर भरपूर दिलाय, त्यामुळे माफ." माझ्या खालच्या पट्टीवर गावातल्या पाच प्रतिष्ठितांच्या सहीने छापलेले होते, 'हा देखावा तंतोतंत खरा आहे.' आमच्यातली ही रीतच होती. देखाव्याची अशी शाबासकी आधीच मागवून घेत. त्या पाचांत पेटिबोनची सही होती, आणि सही करताना त्याने मला पाहिलेलेसुद्धा नव्हते.

दुपारी नोरा आली. कडेवर धुण्याची टोपली होती. ती गर्दीच्या मागे टाचा उंचावून उभी राहिली आणि हवेतच बोट नाचवत रस्ते मोजू लागली. गिरणी, बोटींचा धक्का, सपाटीवरची पाच घरे. मग तिचे बोट थांबले.

"पेटिबोनसाहेब, माझं घर कुठं आहे?"

पेटिबोनने मान वळवून पाहिले. "यादीखाली आलेलं दिसतंय, बाई. जागा कमी पडली असेल. एवढं काय मनावर घ्यायचं."

"तुमचं दुकान चित्रातही आहे आणि यादीतही," नोरा म्हणाली. "माझं एकाच ठिकाणी होतं. तिथंही तुम्हीच येऊन बसलात."

दुकानात हशा पिकला. नोराही हसली, टोपली सावरली आणि गेली. सोड्याच्या वाफेने तिचे डोळे अधू झाले होते आणि मी होतो उंचावर. नखाएवढा धूर तिला तिथून दिसणे शक्य नव्हते. मी मात्र तिला दारातून बाहेर पडताना पाहिले आणि मला पहिल्यांदा वाईट वाटले. पण खरे सांगायचे तर संध्याकाळपर्यंत मी ते विसरलो. दिवसभर लोक माझी स्तुती करत होते ना.

पुढच्या वसंतात गावाने आणि एका रेल्वे कंपनीने करार केला. नदीकाठची सपाटी कंपनीला द्यायची, पण कराराच्या आधीपासून जे तिथे राहत आहेत त्यांना हलवायचे नाही. करार झाला आणि सात वर्षे सपाटीवर एक खिळाही ठोकला गेला नाही. १८७९ साली मात्र कंपनीला तिथे मालगाड्यांसाठी जागा हवी झाली. कोण आधीचा आणि कोण नंतरचा, हे ठरवायची वेळ आली. कागद तर सपाटीवरच्या कुणाकडेच नव्हते. तेव्हा कंपनीच्या वकिलाला दुकानात औषध घेताना मी दिसलो.

"हा कधीचा?" त्याने विचारले.

"एकाहत्तरच्या उन्हाळ्यातला," पेटिबोन अभिमानाने म्हणाला. "घरन् घर फिरून काढलाय."

दुसऱ्या दिवशी मला भिंतीवरून काढून न्यायालयात नेले. मित्रांनो, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. साध्या दुकानातला देखावा मी, आणि न्यायाधीशांसमोर लाकडी घोडीवर उभा होतो. वकिलाने छडीने माझ्यावरची सपाटीतली पाच घरे दाखवली. पाचही जणांना तिथल्या तिथे राहायची परवानगी मिळाली. मला वाटले, चला, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

मग नोराचे नाव पुकारले गेले.

"या देखाव्यात तुमचं घर दाखवा, बाई," वकील म्हणाला.

"ते यादीच्या खाली आहे."

लोक हसले. वकीलही हसला. "इथे हॅसलमन यांच्या भट्टीचा संडास दाखवलेला आहे. मेथॉडिस्ट चर्चमागचं झाड दाखवलेलं आहे. आणि नेमकं तुमचं घर तेवढं यादीखाली गेलं?"

"गेलं. काढणाऱ्यानं काढलं होतं. माझ्यासमोर काढलं. तो चित्रकार टीडमन, त्याला बोलवा."

टीडमनला पत्रे धाडली होती. तो टेक्सासात कुठेतरी दुसरी गावे काढत फिरत होता. पत्रे परत आली. सपाटीवरच्या शेजाऱ्यांनी नोराच्या बाजूने सांगितले, पण वकील म्हणाला, शेजारी शेजाऱ्याचेच बोलणार. वरच्या गावातल्या बायकांना विचारले. त्यांची धुणी नोराने कित्येक वर्षे धुतली होती. पण धुणे न्यायला तीच त्यांच्या मागच्या दारी यायची आणि द्यायलाही तीच यायची. तिचे घर कुठे आहे, कधीपासून आहे, हे बघायला सपाटीवर त्यांतली एकही कधी उतरली नव्हती.

"पेटिबोनसाहेबांना विचारा," शेवटी नोरा म्हणाली. "हे चित्र आलं त्याच दिवशी मी त्यांच्या दुकानात हेच म्हणाले होते. त्यांनीच मला सांगितलं, यादीखाली आलं असेल म्हणून."

पेटिबोन उभा राहिला. त्याला सगळे आठवत होते. आपण लिहिलेले पत्रही आठवत होते. त्याच्या कानाची पाळी लाल झालेली मी समोरून पाहिली.

"त्या दिवशी दुकानात फार गर्दी होती," तो म्हणाला. "कोण काय बोललं, आता नाही सांगता येत."

"हा देखावा तंतोतंत खरा आहे, अशी खाली तुमची सही आहे?" वकिलाने विचारले.

"आहे."

"मग खरा आहे ना?"

"आहे," पेटिबोन म्हणाला.

वकिलाची छडी तेव्हा यादीच्या चौकटीवर टेकलेली होती. धूर तिथून बोटभर वर होता. मी आतल्या आत किती तडफडलो. एकदा तरी छडी वर सरकव, एकदा तरी कुणी वाकून बघा. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला. नोराने तीन आठवड्यांत जागा खाली करावी. तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे आपण एखाद्या खोटे बोललेल्या माणसाकडे पाहतो. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

चार दिवसांनी ती केटला घेऊन पेटिबोनच्या दुकानात आली. त्याच्याकडचे शेवटचे धुणे द्यायचे होते. मला पुन्हा टांगायचे राहिले होते म्हणून मी गल्ल्याला टेकून जमिनीवर उभा होतो. केट आता चौदा वर्षांची झाली होती. ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आई," ती म्हणाली. "धूर."

"कसला धूर?"

"यादीच्या वर बघ ना. खाली घर नाही, पण धूर आहे. डावीकडे वळलाय. आपला आहे."

नोरा गुडघ्यांवर बसली आणि तिने नाक जवळजवळ माझ्या काचेला लावले. बराच वेळ ती तशीच होती. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली की ती पदरासारखा एप्रनचा काठ घेऊन पुसायची आणि पुन्हा बघायची.

"काढला होता बिचाऱ्यानं," ती शेवटी म्हणाली. मग पेटिबोनकडे वळली. "बघायला येता का, साहेब? न्यायाधीशांना दाखवायला याहून जास्त काय लागतं?"

पेटिबोन गल्ल्यामागून बाहेर आला, वाकला, त्याने पाहिले. त्याचा चेहरा उतरला. "मी नेतो," तो म्हणाला. "उद्याच्या उद्या नेतो, बाई. अजून दिवस आहेत हातात."

"सहीचं काय कराल?"

"ते माझं मी बघतो."

नोराने मान हलवली. जाताना ती केटला म्हणाली, "चल, सामान बांधायचं थांबवू नकोस हो. पण भांडी तेवढी शेवटी बांधू."

ती गेल्यावर पेटिबोनने खरोखरच एक जाड कापड आणले आणि मला नीट गुंडाळले. दोरी बांधली. मित्रांनो, त्या अंधारातही मी खूश होतो. उद्या मी न्यायाधीशांसमोर जाणार, छडी वर सरकणार, आणि माझ्या हातून झालेली चूक मीच निस्तरणार.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असल्याचे ऐकू आले. तिसऱ्या दिवशी कंपनीचा कुणी माणूस आला. मालगाड्या थांबायला लागल्या की पेटिबोनच्या दाराशीच कसा बाजार भरेल, याच्या गप्पा झाल्या. आठव्या दिवशी त्याने मला उचलले. मी म्हटले, निघालो. पण पायऱ्या खाली जाण्याऐवजी वर चढत होत्या. माळ्यावर, कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून त्याने मला ठेवले आणि तो काही वेळ तिथेच उभा राहिला. मग पावले उतरून गेली.

ते कापड त्यानंतर बावन्न वर्षे सुटले नाही.

जुन्या वस्तू आपल्या हालअपेष्टा सांगतात, तेव्हा म्हणतात की आम्ही जुने झालो म्हणून लोक आम्हाला विसरले. माझे तसे नाही. मला अडगळीत टाकले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, रंग ताजा होता. माझा मालक मला विसरला नव्हता, त्याला मी नको इतका आठवत होतो. खाली कुणी विचारले, "तो देखावा कुठं गेला हो?" तर तो म्हणे, "फ्रेम मोडली." छप्पर गळायचे, त्याचा पिवळा डाग माझ्या टेकड्यांवर पडला. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. त्याचे मला फार वाटले नाही. नोराचे घर कधी पाडले, ती कुठे गेली, हेच कळेना. तीन आठवडे तिने भांडी बांधायची ठेवली असतील का, हे मी त्या माळ्यावर किती वेळा मनाशी विचारले असेल.

१९३१ साली पेटिबोनची नात वर्ना माळा आवरत होती. तिने दोरी कापली. "अगंबाई, हे तर आपलं गाव," ती म्हणाली. तिने मला गावाच्या वाचनालयाला दिले. तिथे मी पंचेचाळीस वर्षे खोली उबदार ठेवणाऱ्या वाफेच्या गरम नळ्यांच्या वर टांगलेला होतो. पुन्हा स्तुती सुरू झाली. लोक आजोबांची घरे शोधत, काचेवर बोटे टेकवत. सपाटीवर तेव्हा रुळांचे जाळे होते. एका इतिहासप्रेमी गृहस्थांनी व्याख्यानात सांगितले, "या देखाव्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा." मी त्यांच्या पाठीमागेच होतो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग मी संग्रहालयात आलो आणि मला दुरुस्त करायला लॉइस एन्केमा नावाची बाई आली. तिचा हात फार हलका होता. कापसाच्या बोळ्याने ती एकेक डाग काढत खाली खाली आली. पिवळा डाग गेला, काजळी गेली. बोळा यादीपाशी आला, सत्ताविसाव्या ओळीवर. 'ई. पेटिबोन, औषधे व कागद.' तिच्यावर तो नखाएवढा धूर. बोळा टेकणार इतक्यात ती थांबली. तिने भिंग घेतले.

"हा डाग नाही," ती तिच्या मदतनीस बाईला म्हणाली. "हे छापलेलं आहे. धूर आहे हा."

"कुणाच्या धुराड्याचा? खाली तर काहीच नाही."

"तेच तर. कुणाला माहीत असेल का?"

कुणालाच माहीत नव्हते. लॉइसने तो तसाच ठेवला आणि वहीत नोंद केली, 'यादीच्या वर धुराची रेघ. कारण समजत नाही. हात लावलेला नाही.' त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. मला कुणी विचारले की मला सगळ्यात जास्त कुणी सांभाळले, तर मी तिचेच नाव सांगेन.

पुढे संग्रहालयाने माझ्या नकला छापायचे ठरवले, विक्रीसाठी. माझा फोटो काढून तो संगणकावर साफ करायला दिला. साफ करणाऱ्याने आपले काम चोख केले. उंदराने कुरतडलेला कोपरा भरून काढला, घड्यांच्या रेघा पुसल्या, आणि यादीच्या वर एक विनाकारण फराटा दिसला, तोही पुसला. त्याचा तरी काय दोष? लॉइसची वही त्याने कुठे वाचली होती? नकला सुंदर निघाल्या. मला मात्र उजेडाने इजा होते म्हणून एका सपाट खणात निजवले. वर्षातून दोन महिने बाहेर काढतात, बाकीचे दहा महिने मी त्या खणात असतो.

एका ऑक्टोबरात, मी खणात असताना, एक म्हातारी बाई आली. बोलण्यावरून मिनेसोटाकडची वाटली. चौकशीच्या खिडकीपाशी हार्लन नावाचे निवृत्त मास्तर बसतात, त्यांना ती म्हणाली, "तुमच्याकडे गावाचा एक जुना देखावा आहे म्हणतात. आमच्या आजीचं लहानपणीचं घर इथं होतं."

"मग बरोब्बर जागी आलात," हार्लन म्हणाले. "मूळ आत ठेवलेलं असतं, पण ही नक्कल घ्या, हुबेहूब आहे. मुळापेक्षाही स्वच्छ. नाव काय आजीचं?"

"केट टूमी."

मित्रांनो, हार्लननी ती नक्कल माझ्याच खणाच्या कपाटावर पसरली. ती बाई आणि मी, आमच्यामध्ये फक्त एक लाकडी फळी होती.

"टूमी यादीत नाहीत," हार्लन म्हणाले.

"नसणारच. आजी सांगायची, घर यादीखाली गेलं, पण आमचा धूर मात्र वर राहिला. डावीकडे वळलेला. तिची आई म्हणे सेंट पॉल शहरात दुसऱ्याच्या घरी कामाला होती, तेव्हा रोज चूल पेटवताना म्हणायची, आपला धूर तिकडंच राहिला. आजीही शेवटपर्यंत म्हणायची, कधी गेलीस तर बघून ये गं."

हार्लननी तिला भिंग दिले. फळीवर तिची कोपरे टेकल्याचे मला जाणवले. ती कितीतरी वेळ शोधत होती. मी ओरडत होतो, पण कागदाचे ओरडणे कुणाला ऐकू येते?

"इथं काहीच नाही हो," ती म्हणाली.

"बघू. नाही, यादीच्या वर तर नुसतं गवत आहे. दुसऱ्या एखाद्या देखाव्यात असेल का?"

"दुसरा कुठला असणार." तिने भिंग खाली ठेवले. "आजी फार थकली होती शेवटी. तिला बरंच काय काय दिसायचं. आम्ही आपलं हो म्हणायचो. आईची आठवण म्हणून तिनंच मनाशी रचलं असेल."

"होतं असं," हार्लन मायेने म्हणाले. "नक्कल देऊ का बांधून?"

"नको. राहू दे."

तिची पावले दाराकडे गेली. पहिल्या वेळी मी नोराला खोटे पाडले, ते माझ्या हातात नव्हते. दुसऱ्या वेळी केटला खोटे पाडले गेले, आणि तेव्हा तर खरे माझ्यापाशी होते, एका फळीच्या अंतरावर. हार्लन भला माणूस आहे. तिने नुसते म्हटले असते, "मूळ दाखवाल का?", तर त्यांनी आनंदाने किल्ली काढली असती. तिने विचारले नाही, आणि त्यांना सुचले नाही.

म्हणून मित्रांनो, मला तुमच्याकडे एवढेच मागायचे आहे. मला जपतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कधी तुमच्या गावची एखादी जुनी वस्तू बघायला गेलात आणि कुणी तुमच्या हातात तिची स्वच्छ नक्कल ठेवली, तर लाजू नका. मूळ दाखवा म्हणा. आणि तुमच्या हाती एखादी जुनी गोष्ट साफ करायला आली, नि तिच्यावर तुम्हाला न कळणारा फराटा दिसला, तर पुसण्याआधी लॉइससारखे थांबा आणि चार जणांना विचारा.

आणि जमलेच तर मला भेटायला या. जून-जुलैत मी बाहेर असतो. घुमट, बोटी, भट्टीचा काळा धूर, सगळे बघा. मग खाली डाव्या कोपऱ्यात या. सत्तावीस आकडा सापडला की किंचित वर बघा. तिथे नखाएवढा धूर आहे. त्याच्याखाली होनोरा टूमीचे घर आहे.